गौरीचं जेवण, करिंथकरांस पहिलं पत्र आणि नवं हृदय

विट्याच्या भाऊंनी विचारलंय : बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा (१ करिंथ) आठवा अध्याय म्हणतो मूर्ती काहीच नाही, मग दहाव्या अध्यायात मूर्तीपुढची अर्पणं भुतांना केलेली कशी? यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा १८ वा अध्याय म्हणतो ‘नवं हृदय करून घ्या’, ३६ मध्ये देव म्हणतो ‘मी देईन’, मग करायचं कोणी? आणि शेवटी हळूच, गौरीजेवणाला आईकडे जाऊ की नको?

भाऊ, हा शेवटचा प्रश्न माझाही होता. मी तासगावकडची, आता मिरजेत असते; हिंदू माहेरातून ख्रिस्ती विश्वासात आलेली मी एकटीच. पाळक नाही, सेमिनरीत शिकलेली नाही, तेव्हा हे एका सभासदाचं मत म्हणून वाचा. दहा आज्ञा वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडते.

आठ ते दहा हे तीन अध्याय एका बैठकीत वाचा. मूर्ती काही नाही, हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल १०:१९ मध्येही सोडत नाही. लाकूड-दगडात काही नसलं तरी पूजेच्या पंगतीला बसणारा माणूस कोणाशी तरी नातं जोडतो, तिथे त्याची हरकत आहे. करिंथच्या उत्खननात अस्क्लेपियस या ग्रीक देवाच्या देवळाजवळ जेवणाच्या खोल्या सापडल्यात, म्हणजे ‘देवळात जेवायला बसणं’ तिथे नेहमीचंच होतं. २१ वं वचन, ‘प्रभूच्या आणि भुतांच्या अशा दोन्ही मेजांवर बसता येत नाही’, हे त्या देवळातल्या पंगतीबद्दल आहे. २५ मध्ये तो बाजारातल्या मांसाकडे वळतो : चौकशी न करता खा. २७ मध्ये विश्वास न ठेवणाऱ्याच्या घरचं आमंत्रण : जावंसं वाटलं तर जा, वाढतील ते खा. २८ मध्ये कोणी ‘हे अर्पण केलेलं आहे’ असं सांगितलं, तर त्या सांगणाऱ्याच्या मनाचा विचार करून खाऊ नका.

आता माझं दुखणं. मी हाच प्रश्न आमच्या भागातल्या एका मंडळीच्या (चर्चच्या) कार्यालयाला रीतसर लिहून विचारला होता. लेटरहेडवर एका ओळीचं उत्तर आलं : १ करिंथ १०:२१ पाहावे, तसे केल्यास प्रभुभोजन बंद. म्हणजे चर्चमधल्या भाकरी-द्राक्षरसाच्या विधीत भाग नाही. भेटायला गेले तर पाळकसाहेब बाहेरगावी. मग पंचांच्या सभेत ठेवू म्हणाले. सभा पुढे ढकलली, ती ढकललेलीच राहिली. सहाच वचनं खाली पौल घरच्या जेवणाबद्दल बोलतो, एवढं सांगायला कोणाला वेळ नव्हता. त्या ओळीपायी आईच्या घरचे सण गेले. ती गौरीला माझं पान मांडून वाट बघायची, भाऊ फोन करायचा, आणि माझ्याकडे उत्तर म्हणून तेवढा कागद. शिस्त लावायची तर लावा, पण माणसाला समोर बसवून अख्खा अध्याय वाचा. या गोष्टीचा राग अजून गेलेला नाही.

नामान या अरामी सेनापतीची गोष्ट (२ राजे ५) तर कोणी काढतच नाही. रिम्मोन देवाच्या देवळात माझा धनी, म्हणजे राजा, माझ्या हातावर टेकून नमतो, मलाही वाकावं लागतं, क्षमा व्हावी, असं तो म्हणतो. अलीशा संदेष्टा एवढंच म्हणतो, ‘शांतीने जा’. आणि दानीएल ३ मधले तिघं यहूदी तरुण भट्टीत जातात पण राजाने उभारलेल्या मूर्तीपुढे वाकत नाहीत. एक नुकताच देवाला ओळखायला लागलेला परका, दुसरे लहानपणापासून नियमशास्त्रात वाढलेले. दोघांना एकाच फूटपट्टीने मोजू नये, असं मला वाटतं. अलीशाने परवानगी दिली असं मात्र मी म्हणणार नाही, तेवढं तिथे लिहिलेलं नाही.

हृदयाचं म्हणाल तर यहेज्केल कोणाशी बोलतोय ते बघा. अठराव्यात लोक म्हणतायत, बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले, म्हणजे आमचा दोष नाही. त्यांना तो म्हणतो, हृदय बदला, तुमची जबाबदारी तुमची. ३६ येईपर्यंत यरुशलेम पडल्याची बातमी येऊन गेलीय (ती ३३:२१ मध्ये आहे), लोक मोडलेत. त्यांना सांगितलंय, मी देईन. सबबी सांगणाऱ्याला आज्ञा, हरलेल्याला वचन. मध्ये स्तोत्र ५१ ठेवून बघा. तिथे दावीद राजा देवाकडे शुद्ध हृदय मागतो.

‘हृदयातल्या मूर्ती’ (यहेज्केल १४) हे वचन आपल्याकडे हिंदू नातेवाइकांवर फेकतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. ते संदेष्ट्यासमोर प्रश्न घेऊन बसलेल्या इस्राएलाच्या वडिलांना सांगितलंय, म्हणजे देवाच्याच लोकांना. कलस्सै ३:५ लोभालाही मूर्तिपूजा म्हणतं. ऊसबिलावरून सख्ख्या भावाला कोर्टात खेचणाऱ्याचं प्रभुभोजन बंद झालेलं मी तरी पाहिलं नाही.

तुमच्यापुरतं सांगते, पटलं तर घ्या. आईशी सणाच्या आधीच निवांत बोला. त्या दिवशी चुलीपाशी हा विषय नको, पाहुण्यांसमोर तर नकोच. आरतीला उभं राहणार नाही, पण पाणी भरणं, पंगत वाढणं, भांडी सगळं करीन, असं स्पष्ट सांगा. नैवेद्य दाखवण्याआधी तुमचं ताट काढून ठेवायला सांगा. माझी आई आता तसंच करते, तिला त्यात कमीपणा वाटत नाही. व्हॉट्सअपवर चुलत्यांशी वाद घालू नका. मंडळीला विचारायचंच असेल तर तोंडी विचारा, आणि २१ वं वचन काढलं तर २७ आणि २८ सुद्धा त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा.