आईच्या स्तनातली गाठ कर्करोगाची निघाली. ऑपरेशनआधी एमआरआय करायलाच हवा का?

नाही, मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि बायोप्सीवरून गाठीचा आकार आणि जागा नीट कळली असेल तर स्तन वाचवणारं ऑपरेशन एमआरआयशिवायही ठरवता येतं. ब्रिटनमधल्या ‘कॉमिस’ चाचणीत (२०१०) १,६२३ महिलांना दोन गटांत विभागलं होतं. एमआरआय केलेल्या आणि न केलेल्या, दोन्ही गटांत साधारण १९ टक्के जणींना पुन्हा ऑपरेशन करावं लागलं. म्हणजे तपासणी वाढली, पण दुसरं ऑपरेशन टळलं नाही.

मात्र काही वेळा एमआरआय खरंच उपयोगी पडतो:

- बायोप्सीत ‘लोब्युलर’ (दूध बनवणाऱ्या ग्रंथींत सुरू होणारा) प्रकार आला असेल; हा विखुरलेला वाढतो आणि मॅमोग्राफीत बरेचदा पूर्ण दिसत नाही
- स्तन दाट असून मॅमोग्राफी आणि सोनोग्राफीतली मापं जुळत नसतील
- बीआरसीए जनुकात दोष असेल (त्यामुळे स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो)
- काखेतल्या गाठीत कर्करोग सापडला, पण स्तनात मूळ जागा दिसत नसेल
- आधी केमो द्यायची असेल. मग केमोच्या आधी एक आणि नंतर एक, तुलनेसाठी

एक गोष्ट कळकळीने सांगते. एमआरआय साध्या, निरुपद्रवी गाठीही संशयास्पद दाखवतो. त्यात नवा डाग दिसला, तर त्याची बायोप्सी झाल्याशिवाय केवळ त्या डागासाठी अख्खा स्तन काढायला होकार देऊ नका. एमआरआयमध्ये चित्र स्पष्ट दिसावं म्हणून शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देतात, त्यामुळे आईला किडनीचा त्रास असेल तर आधीच सांगा. पेसमेकर असेल तर तेही.