मोर्च्याआधी पंचनामा वाचा

तुमचं पत्र थोडक्यात असं: अडीच महिन्यांपूर्वी रात्री स्कूटर खड्ड्यात आदळून तुमचे पती गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खड्डा बुजवलेला होता. आता वस्तीतले लोक महापालिकेवर मोर्चा नेतायत. तुम्ही फोटो घेऊन पुढे चालावं आणि पुढे वॉर्डातून उभंही राहावं, असं एका पक्षाचे स्थानिक नेते म्हणतात. सासूबाईंना ते पटत नाही. तुम्ही मला विचारता, ‘मी नवऱ्याच्या मरणाचं राजकारण करतेय का?’

या सगळ्यात तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिलीत: ‘पोलिसांचे कागद दिरांच्या कपाटात आहेत, मी अजून पाहिले नाहीत.’

अडीच महिने! रस्त्यावर उतरायला निघालात आणि त्या रात्रीबद्दल पोलिसांनी काय लिहिलंय, ते वाचलंच नाहीत? मला राग आलाय आणि तो तुमच्यावरच आलाय. दिरांचा हेतू चांगला असेलही, पण कागद तुमच्या नवऱ्याचे आहेत.

दुचाकी एकटीच पडली की फिर्यादीत अनेकदा ‘हयगयीने, भरधाव वेगात’ असं ठरलेलं वाक्य येतं आणि गेलेला माणूसच आरोपी ठरतो. खड्डा कुठेच नसतो. मोर्च्यात पहिला पत्रकार तुमच्यासमोर माइक धरून विचारेल, ‘एफआयआरमध्ये तर चूक तुमच्या पतीचीच आहे ना?’ तेव्हा तुम्ही काय सांगणार?

म्हणून आधी पोलीस ठाणं. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रती मागा. पंचनाम्यात खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली आहे का आणि पथदिवा चालू होता का, ते बघा. नसेल तर तपास अधिकाऱ्याकडे लेखी पुरवणी जबाब द्या. खड्ड्याचे शेजाऱ्यांनी काढलेले तारखेचे फोटो जोडा, उचलून नेणाऱ्यांची नावं द्या, १०८ रुग्णवाहिकेची नोंद मागवायला सांगा. मोटार वाहन कायद्याचं कलम १९८-अ लावा, अशी मागणी त्यात स्पष्ट लिहा. रस्त्याची मानकं न पाळल्यामुळे मृत्यू झाला, तर ठेकेदाराला किंवा यंत्रणेला त्यात १ लाखापर्यंत दंड आहे. रक्कम क्षुल्लक आहे, पण जबाबदाराचं नाव कागदावर येतं. शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.

भरपाई हक्काची आहे, तिची लाज बाळगू नका. खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये द्यावेत, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. महापालिका हद्दीतला दावा आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीपुढे जातो. स्कूटर पतींच्याच नावावर असेल आणि लायसन्स चालू असेल, तर विम्यातलं मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण घेतलेलं होतं का, तेही पॉलिसीत पाहा.

मग माहिती अधिकाराचा अर्ज. १० रुपये शुल्क, विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. आपल्या राज्यात याच कारणावरून अर्ज परत येतात. त्या रस्त्याचा कार्यारंभ आदेश (काम सुरू करण्याचा हुकूम), मोजमाप पुस्तिका (किती काम झालं त्याची नोंद), ठेकेदाराचं नाव आणि दोष दायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने ते स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत, मागा. ‘खड्डे का पडले?’ असं विचारू नका, कारण माहिती अधिकारी कारणं देत नाही, कागद देतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, हे राजकारणच आहे आणि ते तुम्ही करायलाच हवं. पैसा कोणत्या रस्त्यावर गेला आणि काम कोणी तपासलं, हे विचारण्याचा तुमच्याइतका हक्क त्या वॉर्डात कुणालाच नाही. पण नेत्यांच्या तारखेला तुम्ही का बांधून घेता? हातात कागद आले की मोर्च्याची तारीख तुम्ही सांगा. नुसता फोटो धरून चाललात, तर भाषण दुसराच कोणी करेल.

येत्या सोमवारी ठाण्यात जा. दिरांकडे कपाटाची किल्ली मागत बसू नका, स्वतःची प्रत काढा आणि तिथेच बाकावर बसून शेवटच्या पानापर्यंत वाचा. वाचवत नसेल तर मैत्रिणीला सोबत न्या, तिला मोठ्याने वाचायला सांगा.