अटलांटात पहिल्यांदा सदर्न ब्रंचला, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या पद्धतीच्या उशिराच्या नाश्त्याला जाताय?

जरूर जा, फक्त वेळ सांभाळा. रविवारी चर्च सुटलं की अख्खी कुटुंबं येतात आणि तासभर ताटकळावं लागतं. दहाच्या आत पोचा, नाहीतर शनिवार गाठा.

पहिल्या खेपेला श्रिम्प अँड ग्रिट्स मागवा. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या, मऊ शिजवून लोणी घातलेल्या. नुसत्या चाखून अळणी म्हणून बाजूला सारू नका, कोळंबीच्या रश्शात कालवून खा. आपल्या कोकणातल्या माणसाला हे लगेच जमतं! सोबत एक बिस्किट घ्या. हे आपलं चहात बुडवायचं बिस्किट नव्हे, ताकात मळलेल्या पिठाचा मऊ, पदर सुटलेला पाव असतो. गरम असतानाच उघडा, वाफ निघतेय तोवर लोणी लावा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- शाकाहारी असाल तर कोलार्ड ग्रीन्स नुसती पालेभाजी समजू नका, बहुतेकदा त्यात डुकराचं मांस असतं. बिस्किटावरच्या पांढऱ्या ग्रेव्हीतही सॉसेज असतं. आधी विचारा.
- स्वीट टी थंड आणि फार गोड असतो. अर्धा बिनसाखरेचा मागा, कोणी नाही म्हणत नाही.
- दोघांत दोन डिश पुरतात.

टिप १८ ते २० टक्के धरून चला. चिकन अँड वॉफल्स पुढच्या वेळी.