दीड महिन्याच्या पिल्लाला एक लस झाली आहे, आता बाहेर न्यायला हरकत नाही ना?

तुम्ही लिहिलंय की ४५ दिवसांचं लॅब्राडोरचं पिल्लू आणलंय, विकणाऱ्याने "व्हॅक्सिन झालंय" असं सांगितलंय आणि मुलांना त्याला सोसायटीच्या बागेत न्यायची घाई झालीय. नेऊ नका. अजून अडीच-तीन महिने तरी बागेतल्या मातीला त्याचे पाय लागू देऊ नका.

मी डॉक्टर नाही. साताऱ्यात राहतो, गेली बारा-तेरा वर्षं घरात कुत्रं आहे, आणि तुम्ही विचारताय तीच चूक करून एक पिल्लू घालवलंय. त्याचं नाव बिट्टू. पंचेचाळिसाव्या दिवशी पहिली लस, आठवड्याभराने मैदानात फेरी. साताठ दिवसांनी तो मलूल झाला, खायचा थांबला. मला वाटलं, ऊन बाधलं. दहीभात पुढे ठेवला, वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी ओकाऱ्या आणि संध्याकाळी रक्ताचे जुलाब. त्या जुलाबाला एक विचित्र उग्र घाण येते, एकदा आली की पुन्हा ओळखायला चुकत नाही. डॉक्टरांनी विष्ठेची किट टेस्ट केली, दहा मिनिटांत पार्व्हो, म्हणजे पिल्लांची आतडी धरणारा विषाणू, निघाला. तीन दिवस सलाईन चाललं. चौथ्या रात्री तो गेला. दहीभातात घालवलेला तो दीड दिवस मला अजून सलतो.

"लस तर दिली होती ना?" असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. डॉक्टर म्हणाले, "लस टोचली म्हणजे लागली असं नसतं हो."

हे नीट समजलं की पुढचं सगळं वेळापत्रक आपोआप कळतं. आईच्या पहिल्या दुधातून, म्हणजे चिकातून, पिल्लाला तयार प्रतिपिंडं मिळतात. ती रोगाशी लढतात, पण लसीलाही शत्रू समजून निकामी करतात. पुढे ती ओसरत जातात. मध्ये काही दिवस असे येतात की आईकडून आलेलं संरक्षण रोग अडवायला अपुरं, पण लस वाया घालवायला पुरेसं असतं. हे दिवस कधी येतील ते बाहेरून कळत नाही. एका पिल्लात सहाव्या आठवड्यात संरक्षण संपतं, दुसऱ्यात चौदा-सोळा आठवडे टिकतं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी लस देत राहायचं, आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पुरे झाल्यावरच पडला पाहिजे. "तीन-तीन इंजेक्शनं म्हणजे डॉक्टरांचा धंदा" असं आमचे शेजारी म्हणतात. पण तो एकाच कुलपाला पुन्हा पुन्हा किल्ली लावून पाहण्याचा प्रकार आहे, कोणत्या खेपेला उघडेल ते आपल्याला ठाऊक नसतं. शेवटच्या डोसानंतर दोन आठवडे थांबून मग बाग. पुढचा बूस्टर सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान, तुमचे डॉक्टर सांगतील तेव्हा.

आणि विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. कार्ड मागा. त्यावर लसीच्या बाटलीचं स्टिकर, बॅच नंबर, तारीख आणि डॉक्टरांची सही हवी. नुसतं पेनाने लिहिलेलं असेल तर लस झालीच नाही असं धरून चाला. दुकानातून बाटली आणून घरी टोचण्याचा स्वस्त मार्गही नको. लस २ ते ८ अंश तापमानात राहावी लागते आणि भर उन्हात पिशवीतून आणलेली बाटली म्हणजे कधी कधी नुसतं पाणी. शिवाय टोचल्यावर एखाद्या पिल्लाचं तोंड सुजतं, म्हणून अर्धा तास दवाखान्यातच बसावं.

पार्व्होबद्दल आणखी एक. हा विषाणू १९७८ च्या सुमारास पहिल्यांदा ओळखला गेला आणि दोन-तीन वर्षांत जगभर पसरला, यावरून त्याचा चिवटपणा कळेल. जमिनीत तो महिनोन्‌महिने, सावलीत वर्षभरही जगतो. आपल्या चपलांना लागून घरात येतो. फिनाईलने मरत नाही. आधी जागा धुऊन घाण काढायची, मग घरगुती ब्लीचचा एक भाग तीस भाग पाण्यात मिसळून दहा मिनिटं ओलं ठेवायचं. मातीच्या अंगणाला तेही पुरत नाही. म्हणून बिट्टूनंतर मी वर्षभर दुसरं पिल्लू आणलं नाही.

लसीच्या कार्डावर न दिसणारी गोष्ट म्हणजे जंत. तुमच्या पिल्लाला ते आहेत, असंच समजा. गोल जंत आईच्या पोटातच पिल्लात उतरतात, हूकवर्म दुधातून. औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी द्यायचं असतं, दोन-तीन महिन्यांनंतर सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा. डोस वजनावर ठरतो, तेव्हा आधी वजन करा. हे जंत मुलांनाही होतात, म्हणून पिल्लाशी खेळून झालं की हात धुवायची सवय लावा.

रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर. तोवर दात येत असलेलं पिल्लू मुलांना ओरबाडणारच. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. "एवढंसं तर पिल्लू आहे" म्हणून सोडू नका, पिल्लालाही रेबीज होतो.

पावसाळ्यात लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूचा रोग. उंदराच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येतो, कुत्र्याची यकृत-मूत्रपिंडं धरतो आणि माणसालाही होतो. एकत्रित लसीत तो बहुधा असतो, पण पहिल्या डोसात सहसा नसतो. कार्ड पाहून विचारा.

गोचीड मात्र आपल्याकडे बारमाही. कानात, बोटांच्या बेचक्यात रोज हात फिरवून पाहा. दिसलं तर रॉकेल लावू नका, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. ताप, फिकट हिरड्या, नाकातून रक्त किंवा गडद तपकिरी लघवी दिसली तर त्याच दिवशी रक्ततपासणी. गोचिडाच्या तापात प्लेटलेट झपाट्याने उतरतात, पण लवकर कळलं तर औषधांना चांगला गुण येतो. अंगावर लावायच्या औषधांना किमान वय आणि वजन असतं. मोठ्या कुत्र्याचं अर्धं थेंबाथेंबाने पिल्लाला लावू नका. खरजेवर जळकं ऑइल चोपडणारे सल्लागारही भेटतील, त्यांना चहा पाजून वाटेला लावा. माणसाच्या तापाच्या आणि दुखण्याच्या गोळ्याही नकोत, कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना त्या झेपत नाहीत.

पिल्लू एक वेळ जेवलं नाही आणि तरी उड्या मारतंय, तर थांबून बघा. जेवलं नाही आणि कोपऱ्यात पडून आहे, किंवा दोनदा ओकलं, तर रात्र काढू नका. पार्व्होला थेट मारणारं औषध आपल्याकडे सहसा मिळत नाही, सगळा खेळ सलाईन आणि ओकाऱ्या थांबवण्याचा. त्यात तासांना किंमत असते.

आता मुलांचं काय करायचं? पिल्लू घरात कोंडूनही चालत नाही. तीन ते चौदा आठवड्यांत जे बघतं-ऐकतं त्याची त्याला पुढे भीती वाटत नाही. मग उचलून न्या. आमची कुत्री राणी लहान असताना तिला मी भाजीच्या पिशवीत घालून मंडईत न्यायचो, मुंडकं बाहेर, पाय आत. रिक्षा, भोंगे, पाटीवाल्या बायका सगळं तिने तिथूनच पाहिलं. एक मावशी रोज विचारायच्या, "काय भाव दिली?" आणि राणी पिशवीतूनच त्यांच्या कोथिंबिरीवर तोंड टाकायची.