झिरोला गाणे ऐकायला जावे का?

प्रश्न : मी साताऱ्यात राहते. स्वतःची गाणी स्वतः रचणारा एक इंडी बँड मी महाविद्यालयात असल्यापासून ऐकत आले आहे, मात्र त्यांना समोर बसून ऐकण्याचा योग अजून आलेला नाही. यंदा ते अरुणाचल प्रदेशातील झिरोच्या संगीत महोत्सवात वाजवणार आहेत. ते कधीतरी पुण्याला येतीलच, मग तासाभराच्या गाण्यासाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला कशाला जायचे, असे घरचे विचारतात. त्यांचे चुकते का? आणि जायचे ठरवल्यास तयारी कशी करावी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : केवळ त्या एका तासासाठी जाणार असाल, तर घरच्यांचे चुकत नाही. महोत्सवात एका बँडच्या वाट्याला साधारण पाऊण तास ते तासभर येतो. पुण्यातील त्यांच्या स्वतंत्र कार्यक्रमात कदाचित जास्तच गाणी ऐकायला मिळतील. तरीही आपण जावे, असे मी आग्रहाने सांगेन, मात्र महोत्सवाचे सगळे दिवस तेथे राहण्याच्या तयारीने. पुण्यामुंबईत असे बँड पुष्कळदा उपाहारगृहांत वाजवतात आणि तेथे गाण्याला टेबलावरच्या गप्पांशी झगडावे लागते. इतका प्रवास करून झिरोला पोहोचलेला माणूस ऐकण्यासाठीच आलेला असतो, त्यामुळे नावही ठाऊक नसलेल्या बँडपुढे तो मनापासून उभा राहतो. आपल्या आवडत्या बँडइतकेच महत्त्व मी ईशान्येतील त्या अनोळखी बँडना देईन, कारण त्यांतील अनेकांना महाराष्ट्रात ऐकण्याची संधी सहसा मिळत नाही.

हा महोत्सव 2012 मध्ये स्थानिक रहिवासी बॉबी हानो आणि दिल्लीच्या 'मेनव्होपॉज' या बँडचे गिटारवादक अनुप कुट्टी यांनी सुरू केला. एका वादकाचा त्यात हात असल्याने असेल, पण येथे गाण्याचा मान राखला जातो. दिवसाचा आणि रात्रीचा असे दोन मंच असतात आणि ते प्रामुख्याने बांबूचे, तेथील आपातानी जमातीच्या कारागिरांनी बांधलेले असतात. भोवती भाताची खाचरे पसरलेली असतात. त्याच खाचरांच्या पाण्यात आपातानी शेतकरी मासेही वाढवतात, आणि सप्टेंबरअखेरीस, म्हणजे महोत्सवाच्या सुमारास, भात पिवळे पडू लागते. एक सकाळ मुद्दाम त्या बांधांवरून चालण्यासाठी ठेवावी. गावातील वृद्ध स्त्रियांच्या चेहऱ्यावर गोंदण दिसेल. विचारल्यावाचून त्यांचे छायाचित्र घेऊ नये.

तयारीत पहिले काम इनर लाइन परमिटचे. अरुणाचलात प्रवेशासाठी बाहेरच्या भारतीय नागरिकांनाही ते लागते आणि त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. गुवाहाटीपर्यंत विमानाने जाऊन तेथून रात्रीच्या रेल्वेने अरुणाचलातील नाहरलगुन स्थानक गाठावे. पुढे सुमारे शंभर किलोमीटरचा घाटरस्ता शेअर सुमोने पार करावा लागतो आणि त्यात चार-पाच तास सहज जातात. इटानगरजवळच्या होलोंगी येथे 2022 पासून विमानतळही आहे. राहण्याची सोय मात्र तिकिटाच्या बरोबरीनेच करावी, कारण गाव लहान आहे आणि झिरोच्या हापोली या बाजारपेठेतील तसेच आसपासच्या वस्त्यांतील होमस्टे लवकर भरतात. तंबूत राहणे स्वस्त पडते, पण त्या दिवसांत पाऊस येतो आणि मैदानाचा चिखल होतो, त्यामुळे गमबूट आणि चांगला रेनकोट हवाच. सूर्य तेथे आपल्यापेक्षा तासाभराहून अधिक आधी मावळतो आणि रात्री गारवा चांगलाच जाणवतो. लोकरी कपडे व विजेरी जवळ असू द्यावी. मोबाइलच्या नेटवर्कवर विसंबू नये. तिकीट आणि परमिट कागदावर छापून घ्यावे.

बँडने स्वतःचे टी-शर्ट किंवा ध्वनिमुद्रिका विक्रीस ठेवल्या असतील, तर त्यांतील काही अवश्य विकत घ्यावे. ऑनलाइन ऐकल्या जाणाऱ्या गाण्यांतून अशा कलाकारांना फार थोडे पैसे मिळतात, आणि तेथवरचा प्रवास त्यांनाही महागच पडतो.

परतीचे विमान शेवटच्या कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशीचे घेऊ नये. पावसात दरड कोसळून घाट बंद होऊ शकतो, तेव्हा मध्ये निदान एक दिवस मोकळा ठेवावा.