ट्रेलरच्या बेडरूममध्ये उशाशी फळी लावायची आहे, पण भिंत पोकळ वाजते. स्क्रू कुठे मारू?

तुमची अडचण अशी: अमेरिकेत जुना ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतलाय, पलंगाच्या बाजूला जेमतेम आडवं चालण्यापुरती जागा आहे, आणि रात्री चष्मा-फोन ठेवायला काहीच नाही. भिंतीवर टकटक केली तर डबा वाजवल्यासारखा आवाज येतो.

बाहेरच्या भिंतीला हातच लावू नका. फळी उशालगतच्या कपाटाच्या बाजूला लावा. बऱ्याच ट्रेलरांत डोक्याकडे दोन्ही बाजूंना उभी अरुंद कपाटं असतात. त्यांचा फायदा असा की दार उघडून पॅनेलच्या मागच्या बाजूलाही हात पोचतो.

कपाटाचं पॅनेलही दणकट नसतं. बऱ्याचदा ती तीन मिलिमीटरची प्लाय असते, वर लाकडासारखा दिसणारा व्हिनाइल कागद. नुसता स्क्रू मारला तर दोनशे मैलांच्या हादऱ्यांत भोक मोठं होतं आणि फळी खाली मान घालते. म्हणून पॅनेल दोन प्लायच्या मध्ये दाबून धरायचं.

फळी १२ इंच लांब, ८ इंच रुंद पुरते. १२ मिलिमीटरची बर्च प्लाय घ्या. एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) नको, जड असतं आणि पाण्याचा ग्लास सांडला की फुगतं. फळीखाली त्याच प्लायची ५ इंच उंच पाठ (पॅनेलला टेकणारा उभा तुकडा) आणि दोन त्रिकोणी आधार लाकडाच्या गोंदाने आणि स्क्रूने जोडा. हे त्रिकोण गाळू नका. उठताना माणूस फळीवर कोपर टेकवतोच. कपाटाच्या आतून पाठीच्याच मापाचा प्लायचा तुकडा लावा आणि चार पाव इंची कॅरेज बोल्ट आरपार घाला, साधारण दोन इंच लांब. घुमटासारखं डोकं कपाटाच्या आत ठेवायचं, म्हणजे कपडे अडकत नाहीत. डोक्याखालची चौकोनी मान प्लायमध्ये रुतते, त्यामुळे बोल्ट फिरत नाही आणि एकट्यालाही आवळता येतो. बाहेरून रुंद वॉशर आणि नायलॉनचा लॉकनट. साधा नट प्रवासात सैल होतो. पॅनेल आत दबायला लागलं की थांबा.

कापण्याआधी पुठ्ठ्याची फळी करून मास्किंग टेपने चिकटवा आणि दोन रात्री झोपून बघा. गादीच्या वर तीन-चार इंच ही उंची सहसा सोयीची पडते. पलंगाखाली सामानाची जागा असेल तर गादीचा पाट पूर्ण उचलून पाहा, तो फळीला अडता कामा नये. स्लाइडआउट (खोलीचा बाहेर सरकणारा भाग) असेल तर तो सावकाश आत घेऊन पाहा, कारण बाहेर असताना दिसणारी जागा आत घेतल्यावर उरत नाही. लाल हँडलची खिडकी म्हणजे आणीबाणीत बाहेर पडायची वाट, तिच्या आड काही येऊ देऊ नका. आणि वाटेकडचा कोपरा दोन इंच त्रिज्येने गोल करा, नाहीतर रोज मांडीला लागेल.

कपाटच नसेल आणि बाहेरच्या भिंतीवाचून गत्यंतर नसेल, तर आधी भिंत कोणती ते ओळखा. बाहेरून नालीदार ॲल्युमिनियमचा पत्रा असेल तर आत सहसा दीड इंची लाकडी दांडे असतात. ते घरासारखे ठराविक अंतरावर नसतात. पॅनेलवर लोहचुंबक फिरवला की स्टेपलांवर चिकटतो, ती रेघ म्हणजे दांडा. स्क्रू भिंतीत पाऊण इंचापेक्षा जास्त जाऊ देऊ नका. ड्रिलच्या बिटला तेवढ्या मापावर टेप गुंडाळा.

बाहेरून गुळगुळीत फायबरग्लास असेल तर भिंत बहुधा सँडविचची असते: पातळ प्लाय, फोम, मध्ये ॲल्युमिनियमच्या नळ्या. इथे घरातल्या पोकळ भिंतीचे टॉगल (आत गेल्यावर पंख उघडून अडकणारे बोल्ट) चालत नाहीत, फोममध्ये त्यांचे पंख उघडतच नाहीत. बिट बाहेरच्या कातडीतून गेलं तर पाणी शिरून भिंतीला फुगे येतात, आणि ती दुरुस्ती अख्ख्या फळीच्या शंभरपट महाग पडते. अशा ठिकाणी मोठी पाठ गोंदाने चिकटवावी, पण व्हिनाइल कागदावर नव्हे. व्हीएचबी (दोन्हीकडून चिकटणारी फार मजबूत) टेपसुद्धा कागदाला घट्ट धरते आणि मग कागदच प्लायवरून सुटून येतो. पाठीपेक्षा थोड्या आतल्या मापाचा कागद ब्लेडने कापून काढा, उघड्या प्लायवर कन्स्ट्रक्शन ॲडहेसिव्ह (बांधकामाचा घट्ट गोंद) लावा आणि चोवीस तास आडव्या काठीने रेटून ठेवा. अशा फळीवर चष्मा-फोनच, कोपर नाही.

ड्रिल करण्याआधी शोअर पॉवरची, म्हणजे बाहेरून वीज आणणारी, केबल काढा, बॅटरीची जोडणी सोडवा, इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. वाचायच्या दिव्याची वायर बहुधा याच पॅनेलमागून जाते. दिव्याच्या वायरवरून यूएसबी सॉकेटला वीज देणार असाल तर रंगावर विसंबू नका: ट्रेलरच्या १२ व्होल्टमध्ये काळी वायर बहुतेकदा पॉझिटिव्ह असते, आणि १२० व्होल्टची फेजही काळीच. मल्टिमीटर लावून बघा आणि सॉकेटला स्वतःचा ५ अँपिअरचा फ्यूज द्या.

कडेला पाऊण इंच उंचीची पट्टी मारा, झोपेत हात लागून फोन पडणार नाही. गाडी निघाली की मात्र त्या पट्टीचा काही उपयोग नाही, फळी रिकामी करूनच निघा. पहिल्या प्रवासानंतर चारही नट एकदा पाना लावून तपासा. प्लाय दबून थोडी ढिलाई आलेली असते.