शब्द नसलेले आधुनिक स्कॉटिश लोकसंगीत इतके जोशपूर्ण का वाटते, आणि ऐकण्याची सुरुवात कोठून करावी?

या जोशाचे मूळ नाचात आहे. रील आणि जिग या चाली मुळात नाचासाठीच वाजवल्या जात. एडिंबरामधील शूगलनिफ्टी आणि स्काय बेटावरील पीटबॉग फेरीज यांसारख्या बँडांनी १९९०च्या दशकात त्याच धाटणीच्या चालींना ड्रम, बेस गिटार आणि क्लबमधल्या नृत्यसंगीताच्या ठेक्याची जोड दिली.

बॅगपाइपचा वाटा मात्र वेगळाच आहे. त्यात हवा अखंड वाहत असल्याने दोन स्वरांमध्ये थांबता येत नाही, आवाज लहानमोठाही करता येत नाही. म्हणून तोच स्वर पुन्हा वाजवायचा झाल्यास वादक मध्ये निमिषभराचा कणस्वर टाकतो, आणि द्रुत लयीतील रीलला जी धार चढते ती बरीचशी या कणस्वरांमुळेच. शिवाय दोन-तीन चाली न थांबता एकमेकींना जोडल्या जातात, आणि चाल पालटते तो क्षण प्रत्यक्ष मैफलीत ऐकण्यासारखा असतो.

भारतीय श्रोत्याने, माझ्या मते, शूगलनिफ्टीने राजस्थानी लोककलावंतांबरोबर केलेल्या ‘रिटन इन वॉटर’ (२०१८) या अल्बमपासून सुरुवात करावी. त्यानंतर टॅलिस्क हा बँड ऐकावा. कॉन्सर्टिना (हातात धरून वाजवायचे, भाता असलेले छोटे वाद्य), फिडल (म्हणजे व्हायोलिन) आणि गिटार एवढ्या तीनच वाद्यांवर त्यांनी आपले नाव केले.